उघड्या टपाच्या जुन्या बीटलमध्ये काचेच्या वरून पाणी येतं, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की छत बंद असूनही कसारा घाटातल्या पावसात दारांच्या दोन्ही काचांच्या वरून पाणी आत येतं आणि मेकॅनिक नवीन रबर टाकायला सांगतोय. कृपया आधी रबर घेऊ नका. या गाडीच्या काचेला वर चौकट नसते, ती थेट छताच्या रबराला टेकते. त्यामुळे दोष बहुतेकदा जुळणीत असतो.

जुळणीचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी दार, मग छताचा सांगाडा, काच सगळ्यात शेवटी. दार बिजागरीवर खाली बसलं असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

मग रबरावर खडू घासा, काच पूर्ण वर करून दार लावा आणि उघडा. काचेच्या कडेवर पांढरी रेघ जिथे तुटते, तिथेच फट आहे. माझ्या गाडीत ती मागच्या कोपऱ्यात चार बोटं तुटली होती. दाराचं आतलं पॅनल काढून काचेच्या मार्गदर्शक पट्टीचे (जिच्यातून काच वर-खाली सरकते) स्क्रू सैल करा. पट्टीचं खालचं टोक किंचित बाहेर सरकवलं की काचेचा माथा आत झुकतो. एका वेळी अर्धा मिलिमीटरच. जास्त दाबलंत तर रबर फाटेल.

शेवटी बारीक धारेने पाणी मारून बघा, प्रेशर वॉशर नको.