वाढदिवसाच्या आधी काय काय करावे?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचा विषय जवळजवळ एकच आहे, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पुढच्या वाढदिवसापर्यंत स्वतःसाठी काहीतरी करावे, ते आनंदाचे असावे आणि आपल्या हातून पुरेही व्हावे, अशी तिघांचीही इच्छा आहे. सेलूच्या ताईंनी सविस्तर लिहिले आहे, त्यामुळे त्यांचे उत्तर अधिक लांबले आहे.

प्रश्न : मी पतसंस्थेत नोकरी करते. घरी सोयाबीन आणि कापसाची शेती आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस मला चाळीस वर्षे पूर्ण होतील. मैत्रिणींचे पाहून मीही ‘चाळिशीच्या आत चाळीस गोष्टी’ अशी यादी केली. बारा ज्योतिर्लिंगे पाहणे, स्कूटी शिकणे, बारा किलो वजन उतरवणे, पन्नास पुस्तके वाचणे, इंग्रजी बोलता येणे, सासूबाईंकडून येसर (आमटीसाठीचे भाजून दळलेले पीठ) शिकून घेणे, शाळेतल्या मैत्रिणींना भेटणे, असे बरेच काही त्यात आहे. आता महालक्ष्म्या तोंडावर आल्या, जेमतेम सहा महिने उरले आणि यादीतले एकही काम झालेले नाही. ती वही उघडली की आनंद होण्याऐवजी जीव दडपतो. काय करू?
— एक वाचिका, सेलू, जि. परभणी

उत्तर : ताई, चाळिशीच्या उंबरठ्यावर असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. ॲडम ऑल्टर आणि हॅल हर्शफील्ड या अमेरिकेतील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की ज्यांच्या वयाच्या शेवटी नऊ हा आकडा असतो, म्हणजे २९, ३९ किंवा ४९, ती माणसे आयुष्याचा हिशेब मांडण्याकडे अधिक ओढली जातात. तुमची यादी त्या ओढीतून आलेली आहे आणि ती ओढ चांगलीच आहे. अडचण आहे ती चाळीस या आकड्याची. सहा महिन्यांत चाळीस गोष्टी म्हणजे दर साडेचार दिवसांना एक. नोकरी, सोयाबीनची सुगी, दिवाळी आणि कापसाची वेचणी सांभाळून हे कोणालाही जमणार नाही. वयाइतक्या गोष्टी यादीत असल्याच पाहिजेत असा काही नेम नाही, तेव्हा पाच-सहाच ठेवा.

त्या निवडताना तीन प्रश्न विचारावेत. हे काम करत असतानाच मला मजा येईल का? ते पुरे झाले हे एखाद्या ठरावीक दिवशी स्पष्ट दिसेल का? आणि ही इच्छा माझी स्वतःची आहे की मैत्रिणीच्या यादीतून उतरवलेली? या कसोटीवर ‘इंग्रजी बोलता येणे’ गळून पडते, कारण ते अमुक दिवशी पूर्ण झाले असे म्हणताच येत नाही. त्याऐवजी ‘पतसंस्थेत आलेल्या एका ग्राहकाशी पाच मिनिटे इंग्रजीत बोलेन’ असे लिहिले, तर तो दिवस उगवल्यावर त्यावर खूण करता येईल. वजनाचा विषय मात्र यादीतून पूर्णपणे काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वजन उतरवायचेच असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि सवडीने उतरवावे. वाढदिवसाची तारीख डोक्यावर ठेवून उपास-तापास केले, तर हौसेच्या यादीत शिक्षा शिरते.

बारा ज्योतिर्लिंगांसाठी देश पालथा घालावा लागेल. मात्र आपल्याकडच्या परंपरेप्रमाणे त्यांपैकी तीन मराठवाड्यातच आहेत : औंढा नागनाथ, परळी वैजनाथ आणि वेरूळचे घृष्णेश्वर. सेलूहून जिंतूरमार्गे औंढ्याला एका दिवसात जाऊन येता येते. नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते याच औंढ्याला, आणि नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले अशी जी कथा सांगतात, तिच्या आधाराने तेथील नंदी मंदिराच्या मागच्या बाजूला का आहे हेही सासूबाईंना दाखवता येईल. थोडी वाट वाकडी केली तर चारठाण्याची जुनी मंदिरे आणि तेथील दीपस्तंभ पाहून होतात. परळीला परभणीमार्गे जाता येते. वेरूळला सबंध दिवस द्या, कारण मंदिराच्या जवळच चौतीस लेणी आहेत आणि सोळा क्रमांकाचे कैलास लेणे घाईत पाहण्याजोगे नाही. मंगळवारी लेणी बंद असतात, तेवढा वार टाळा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचा फारसा बाऊ करायला नको. उरलेली नऊ स्थाने पुढच्या आयुष्यासाठी राहू द्या.

स्कूटी शिकणे तर सगळ्यात आधी हाती घ्यावे, कारण त्याला कायद्यानेच मुदत घालून दिलेली आहे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. म्हणजे गणपती उठल्यावर अर्ज केला तर दिवाळीच्या सुमारास चाचणी देता येईल, आणि एकदा नापास झालात तरी फेब्रुवारीपूर्वी पुन्हा बसायला पुरेसा अवधी हाताशी राहील. चाळिशी ओलांडल्यावर अर्जासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्रही जोडावे लागते, हे आणखी एक कारण. पहाटे मार्केट यार्डाच्या मोकळ्या रस्त्यावर शिकावे आणि शिकवायला नवऱ्यापेक्षा एखादी मैत्रीण असावी, एवढे सुचवते.

बाकीच्या गोष्टी आपल्या वर्षाच्या चालीप्रमाणे बसवाव्यात. यशस्वी माणसांच्या दिनक्रमावरून केलेली वेळापत्रके आपल्याकडे टिकत नाहीत, कारण ती करणाऱ्याला सुगी ठाऊक नसते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघते तेव्हा घरात कोणालाच श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून त्या महिन्यासमोर काहीही लिहू नका. पितृपक्षात खरेदी आणि समारंभ थांबलेले असतात, तेव्हा संध्याकाळ मोकळी मिळते. त्याच दिवसांत सासूबाईंकडे येसराचा विषय काढा. त्या गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ हे सारे मुठीने आणि अंदाजाने घेणार. प्रत्येक मूठ कढईत पडण्यापूर्वी ती वजनकाट्यावर ठेवायची आणि आकडा लिहून घ्यायचा. बाजरी कोणत्या रंगावर आली की कढई उतरवतात, धणे-जिरे डाळीच्या आधी भाजतात की नंतर, दळताना किती जाडसर ठेवतात, हे सगळे त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. मग दिवाळीनंतर एके दिवशी त्यांना बाजूला बसवून आपण एकटीने येसर करायचे आणि त्या आमटीला त्यांनी ‘जमलं’ म्हटले की यादीतल्या त्या ओळीवर खूण करायची. मला विचाराल तर तुमच्या यादीतली सर्वांत मोलाची ओळ हीच आहे, आणि ती पुढे ढकलण्यासारखी नाही.

मैत्रिणींच्या भेटीसाठी डिसेंबर-जानेवारीतला एखादा रविवार धरून ठेवा. ज्वारी हुरड्यात आलेली असते आणि तुमचे शेत आहे. भावकीत कोणाकडे गुळभेंडी जातीची ज्वारी असेल तर उत्तमच. गोवऱ्यांची आगटी पेटवून कणसे भाजायची, गरम कणीस हातावर चोळून दाणे मोकळे करायचे आणि सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ व दही ठेवायचे. यापेक्षा जास्त तयारी लागत नाही, आणि हॉटेलात भेटायचे ठरले की निम्म्या जणी ज्या कारणांनी येत नाहीत ती कारणेही इथे उरत नाहीत. फक्त तारीख आत्ताच कळवून टाका. ‘हिवाळ्यात भेटू’ म्हटले की भेट होत नाही.

राहिली पुस्तके. पन्नासचा आकडा सोडा आणि वेळ ठरवा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवले आहे, की ‘मी वाचन वाढवीन’ असे म्हणणाऱ्यापेक्षा ‘अमुक घडले की मी अमुक करीन’ असा संकल्प करणाऱ्याच्या हातून ते काम होण्याची शक्यता अधिक असते. ‘रात्री ओटा पुसून झाला की मी दहा पाने वाचीन’ अशा स्वरूपाचा संकल्प करा. मध्ये एखादी रात्र चुकली तर खंत करू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे काही बिघडले नाही. एकवीस दिवसांत सवय लागते असे जे सगळीकडे सांगितले जाते, त्यावर विसंबून बावीसाव्या दिवशी निराश होऊ नये.

प्रश्न : शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची तीच होती, कारण गुरुजींनीच ती लिहिली. आई सांगते, की मी बहात्तरच्या दुष्काळात, पोळ्याच्या आदल्या दिवशी जन्मलो. मुले १ जूनला केक आणतात तेव्हा मी पेरणीच्या तयारीत असतो. यंदा वर्षभरासाठी एखादी चांगली गोष्ट ठरवून ती पार पाडावी असे मनात आहे. वर्ष कोणत्या दिवसापासून मोजू आणि काय ठरवू?
— एक शेतकरी, अंबड, जि. जालना

उत्तर : भाऊ, तुमच्या आईने सांगितलेला दिवस म्हणजे खांदेमळणीचा. बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावून ते मळायचे, त्यांना दुसऱ्या दिवशीचे आवतण द्यायचे, असा तो दिवस. शेतकऱ्याच्या वर्षाची सुरुवात करायला याहून चांगला दिवस मला तरी सुचत नाही. कागदोपत्री १ जून राहू द्या आणि संकल्पासाठी श्रावण वद्य चतुर्दशी धरा. अधिक महिना आला तर त्या वर्षी तुम्हाला एक महिना जास्तीचा मिळेल.

ठरवायची गोष्ट तुमच्या पत्रातच आहे. आईला बहात्तर साल आठवते आहे. खडी फोडायला ती कोणत्या कामावर जात होती, तान्हे मूल कोणाजवळ ठेवत होती, सुकडी आणि लाल मिलो ज्वारी मिळत होती का, विहिरीला पाणी कधी आले, हे तिला विचारून मोबाइलवर तिच्या आवाजात नोंदवून ठेवा. राज्याची रोजगार हमी योजना त्याच दुष्काळातल्या कामांतून आकाराला आली, तेव्हा हा इतिहास आहे आणि तो सांगणारे माणूस तुमच्या घरात आहे. एका बैठकीत सगळे विचारायला जाऊ नका, तिला दम लागेल. महिन्यातून एकदा, दुपारच्या जेवणानंतर, एकच विषय घ्या. म्हणजे पुढच्या खांदेमळणीपर्यंत बारा भाग होतील आणि ते नातवंडांना ऐकवता येतील. सोबत बांधावर जांभूळ, बोर किंवा चिंच अशी तीनच झाडे लावा. किती लावली हे विसरा, उन्हाळा काढून पुढच्या पोळ्याला किती जगली ते मोजा.

प्रश्न : मी मूळची हिंगोली जिल्ह्यातली, लातूरला वसतिगृहात राहून नीटची तयारी करते. मे महिन्यात परीक्षा आहे आणि जूनमध्ये मला अठरा वर्षे पूर्ण होतील. मैत्रिणी ‘अठराच्या आत अठरा’ अशी यादी करत आहेत. मीही करावी का? अभ्यास बुडेल अशी भीती वाटते.
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : अठरा नकोत, दोन पुरेत. पहिली गोष्ट परीक्षेच्या आधीची, एकाच दिवसाची. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूरची बाजारपेठ ओस पडते आणि सगळे जण शेतावर जातात. वर्गातल्या एखाद्या लातूरच्या मैत्रिणीला आधीच सांगून ठेव आणि तिच्या घरच्यांसोबत शेतावर जा. कडब्याच्या कोपीतली पूजा पाहा, भज्जी, उंडे आणि आंबील यांचे जेवण कर आणि संध्याकाळी परत ये. त्या दिवशी पुस्तक सोबत नेऊ नकोस. एका दिवसाने अभ्यास बुडत नाही, आणि लातूरला राहूनही वेळ अमावास्या न पाहता परत गेलीस तर पुढे हळहळ वाटेल.

दुसरी गोष्ट परीक्षेनंतरची. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना मतदार नोंदणीसाठी आगाऊ अर्ज करता येतो. त्यासाठी नमुना क्रमांक सहा भरावा लागतो आणि तो ऑनलाइनही भरता येतो. वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा आहेत, त्यांपैकी तुला १ जुलै लागू होईल. मतदान वसतिगृहाच्या पत्त्यावर करायचे की गावच्या, हे आधी आईवडिलांशी बोलून ठरव, मग वयाचा आणि पत्त्याचा पुरावा जवळ घेऊन तो अर्ज स्वतःच्या हाताने भर.