मोडी पत्रातलं साल आणि मदिना

जेद्दा

प्रिय सानिया,

अनेक दुआ. मोडीच्या वर्गात तुम्हाला पानिपतच्या वेळचं पत्र वाचायला दिलं, त्यावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असं साल होतं. पेशव्यांच्या कारकुनांनी मराठी पत्रावर अरबी साल का घातलं आणि ते मोजायचे तरी कुठून, असं तू विचारलंस. प्रश्न मला फार आवडला.

एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. त्यात ६०० मिळवले की १७६१ चा जानेवारी येतो. हा शुहूर सन. हिजरी साल चंद्रावर चालतं आणि सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं, त्यामुळे पेरणी-कापणीशी त्याचा मेळ बसत नाही आणि शेतसारा घ्यायला अडचण येते. म्हणून दख्खनेत १३४४ चा हिजरी आकडा, ७४५, तसाच उचलला, सूर्याच्या गतीला बांधला आणि वर्ष मृगाला सुरू केलं. पुढे शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला, तरी दफ्तरातून शुहूर सन गेला नाही. त्या मोजणीचं मूळ मात्र इसवी सन ६२२ मध्ये, मदिनेत.

तेव्हा गावाचं नाव यसरिब होतं. खजुरीच्या बागा, आणि आपसांत लढून थकलेले औस व खजरज हे दोन कबिले. मक्केत छळ सोसणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांना तिथल्या लोकांनी बोलावून घेतलं. प्रेषितांनी मशिदीसाठी जागा निवडली ती दोन अनाथ भावांची, सहल आणि सुहैल यांची. मुलं फुकट द्यायला तयार होती, पण प्रेषितांनी किंमत देऊनच ती घेतली. खजुरीच्या बुंध्यांचे खांब, वर झावळ्या, एवढीच ती मशीद. नमाजासाठी हाक देणाऱ्या बिलाल यांची अजान इथलीच. मुसलमान, ज्यू आणि इतर कबिले यांनी एकत्र कसं राहायचं, याचा लेखी करारही इथेच झाला.

मला सगळ्यात जवळची वाटते ती साद बिन रबीअ यांची गोष्ट. मक्केहून सगळं सोडून आलेल्या एकेका माणसाला मदिनेतल्या एकेकाचा भाऊ ठरवलं होतं. साद यांच्या वाट्याला अब्दुर्रहमान बिन औफ आले. साद म्हणाले, माझी अर्धी मालमत्ता तुझी. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुआ दिली आणि फक्त बाजाराचा रस्ता विचारला. मग तूप आणि सुकवलेलं चीज विकून ते स्वतःच्या पायावर उभे राहिले. परमुलखात पोटासाठी आलेल्या माझ्यासारख्याला देणाऱ्याचा मोठेपणा कळतो आणि घेणाऱ्याचा मान त्याहून जास्त कळतो.

पुढे खलिफा उमर यांच्या काळात साल कुठून मोजावं असा प्रश्न आला. प्रेषितांचा जन्म होता, पहिला संदेश होता, बद्रच्या लढाईतला विजय होता. सगळं बाजूला ठेवून त्यांनी मक्का सोडून मदिनेला येणं, म्हणजे हिजरत, निवडलं; हिजरी हे नाव त्यावरूनच. घरदार सोडलेल्यांना एका गावानं आपलं म्हटलं, तिथून आमचा काळ सुरू होतो. मला ही निवड अतिशय थोर वाटते.

प्रेषितांचं ६३२ मध्ये मदिनेतच निधन झालं. ज्या खोलीत ते गेले तिथेच त्यांची कबर आहे, हिरव्या घुमटाखाली. मदिनेला जाणं हा हजचा भाग नाही, हज मक्केत पुरा होतो. तरी आपल्या रत्नागिरीकडचा हाजी मदिनेला सलाम केल्याशिवाय घरी येत नाही, हे तू लहानपणापासून बघतेसच.

सुट्टीत इकडे आलीस की जाऊ. जेद्दाहून हरमैन रेल्वेनं दोनेक तासांचा रस्ता. प्रेषित शनिवारी मदिनेतल्या कुबाच्या मशिदीत जात, कधी चालत, कधी वाहनावरून. आपणही शनिवारी तिथे असू असंच तिकीट काढतो. नानीला सलाम सांग.

तुझे अब्बा