कर्दळ, जलपर्णी, मोहरी... घाण शोषली, पुढे काय?

प्रश्न: मोरीचं पाणी कर्दळीला सोडलं तर खरंच साफ होतं का?

होतं, पण नुसतं बुडाशी ओतून नाही. खड्ड्याला पाणी न झिरपणारा तळ करून घ्या, खडी भरा, त्यात कर्दळ लावा आणि पाणी खडीच्या वर दिसू देऊ नका, खालून हळूहळू सरकलं पाहिजे म्हणजे डासही होत नाहीत. कालांतराने एखादा कंद उपटून बघा, मुळांना बुळबुळीत थर हाताला लागेल, ते जिवाणू, खरं काम तेच करतात. खरकटं आणि तेल मात्र आधीच अडवा, नाहीतर खडी तुंबते. हे पाणी बागेला चालतं, पिण्याला अजिबात नाही.

प्रश्न: जलपर्णी पाणी शुद्ध करते म्हणतात, मग नदीतून काढतात कशाला?

दोन्ही खरं आहे. ती नायट्रोजन, फॉस्फरस शोषते, कॅडमियमसारखे धातूही. पवना, इंद्रायणी, पंचगंगेत एवढी माजते तीच मुळी सांडपाण्याच्या खतावर! पण तिथेच कुजली की शोषलेलं सगळं परत पाण्यात आणि ऑक्सिजन संपून मासे मरतात. म्हणून काढायलाच हवी, आणि काठावर ढीग लावून सोडली तर पहिल्या पुरात पुन्हा नदीतच जाते. कारखान्याचं पाणी येतं तिथली गुरांना तर घालूच नका.

प्रश्न: शेजारी जुन्या बॅटऱ्या फोडायचे, आमच्या मातीत शिसं निघालंय. मोहरी लावून जमीन साफ होईल का? ती मोहरी विकता येईल?

विकू नका, कृपा करून, आणि घरातही खाऊ नका. मोहरी शिसं उचलते हे खरं, पण शिसं मातीला घट्ट धरून बसतं, थोडंच वर येतं आणि तेही बरंचसं मुळातच राहतं, त्यामुळे वर्षानुवर्षं लागतात. साबण, अन्न जिवाणू मोडतात, धातू कोणीच मोडत नाही, तो फक्त मातीतून झाडात जातो आणि झाड जाळलं की धुरात-राखेत. आर्सेनिकचं जरा वेगळं, 2001 मध्ये फ्लोरिडात एक नेचं सापडलं जे ते भरभरून पानांत साठवतं, पण ती पानंही शेवटी विषारी कचराच. तुम्ही आत्ता वाळा लावून जमीन झाका म्हणजे धूळ उडणार नाही, माती वाहणार नाही, पोरांना तिथे खेळू देऊ नका आणि त्यांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या, हे आधी.

प्रश्न: मनी प्लांटने घरातली हवा शुद्ध होते का?

फारशी नाही. झाडं हवा शुद्ध करतात हे ज्यावरून म्हणतात तो नासाचा 1989 चा प्रयोग बंद पेटीतला होता, आपलं घर तसं बंद नसतं. नव्या रंगाचा वास घालवायचा तर खिडक्या उघडा.