अमेरिकन बास्केटबॉलमधले जो लॅपचिक खेळाडू म्हणून मोठे की प्रशिक्षक म्हणून?

माझ्या मते प्रशिक्षक म्हणून. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठाला त्यांनी १९४३, १९४४, १९५९ आणि १९६५ अशी चार वेळा एनआयटी ही महाविद्यालयीन संघांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दिली; शेवटचं विजेतेपद तर निवृत्तीच्या वर्षातलं! मधल्या काळात त्यांचा निक्स हा न्यूयॉर्कचा व्यावसायिक संघ १९५१ ते १९५३ सलग तीनदा एनबीए या व्यावसायिक लीगच्या अंतिम फेरीत पोहोचला, पण तिन्ही वेळा हरला. मात्र 'ओरिजिनल सेल्टिक्स' या जुन्या व्यावसायिक संघाचे सेंटर (मध्यभागी खेळणारा उंच खेळाडू) म्हणून त्यांचं मोल निव्वळ गुणांवरून ठरवू नका. तेव्हा प्रत्येक बास्केटनंतर मध्यभागी पुन्हा जंप बॉल व्हायचा, म्हणजे पंच चेंडू वर उडवायचे आणि दोन्ही संघांचा एकेक खेळाडू उडी मारून तो आपल्या साथीदारांकडे ढकलायचा. साडेसहा फुटांच्या आसपास उंची असलेले लॅपचिक तो चेंडू आपल्या संघाकडे वळवत, आणि बास्केटबॉलमधल्या थोरांचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेमने १९६६ मध्ये त्यांना खेळाडू म्हणूनच मान दिला.