बिऱ्हाड म्हणजे खोली नव्हे

प्रश्न असा आला आहे: ‘प्लेगच्या वेळी मुंबईत एकेका बिऱ्हाडात चार-चार कुटुंबं राहत, असं वाचलं. बिऱ्हाड म्हणजे खोली का? आणि बिढार हा शब्द वेगळा का?’

ते वाक्यच चूक आहे, आणि जुन्या मुंबईवरच्या लिखाणात ते हल्ली सारखं वाचावं लागतं. एका खोलीत चार बिऱ्हाडं राहतील, पण एका बिऱ्हाडात चार कुटुंबं कशी राहतील? बिऱ्हाड म्हणजे माणसं, त्यांची चूल, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण. ते थाटतात, हलवतात, उचलतात. खोली कोणी उचलत नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, कारण मादी पिल्लं पाठीवर घेऊन फिरते. घर पाठीवर वाहते ती गोगलगाय. ‘नांगी हेच विंचवाचं बिऱ्हाड’ असा अर्थ जे लावतात त्यांचं मला मुळीच पटत नाही. नांगी पाठीवर नसते, शेपटीला असते.

आता बिढार. शब्द वेगळा नाही, तेच जुनं रूप. कन्नडमध्ये ‘बिडार’ म्हणजे मुक्काम, तळ. मराठीत ‘ड’चा ‘ढ’ झाला, मग ढ आणि र यांनी जागा बदलल्या. पण ‘ढ’मधला हकार आपल्या जागेवरून हलला नाही, नव्याने आलेल्या ‘र’ला चिकटला. झालं बिऱ्हाड! नुकसानचं नुस्कान, चिकटणंचं चिटकणं करणाऱ्या जिभेनेच हे केलं. मागे ‘बिडु’ हा धातू आहे, म्हणजे सोडणे. बैल सोडले तिथे मुक्काम, असं मी समजतो. त्याच कुळातला ‘बीडु’ म्हणजे छावणी, राजाचं ठाणं. कर्नाटकातल्या होयसळ राजांची राजधानी हळेबीडु म्हणजे जुनं ठाणं. राजधानी आणि गिरणी कामगाराचा संसार एका धातूची लेकरं! ‘विहार’मधून ओढूनताणून बिऱ्हाड काढणाऱ्यांना हा ‘ढ’ कुठून आला ते सांगता येत नाही. सगळं संस्कृतातूनच आलं पाहिजे, हा हट्ट मराठीचं नुकसान करतो.

आणि हा फरक निव्वळ कोशातला नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. रोग घरातच मुरलाय, अशी सरकारी समजूत. म्हणून उजेड-वाऱ्यासाठी कौलं उतरवली, ‘राहण्यास अयोग्य’ अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरं भिंतींवर रंगवली. उंदरावरची पिसू दोषी, हे फ्रेंच डॉक्टर सिमों यांनी कराचीत दाखवलं ते १८९८ साली. त्याच वर्षी शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे नागपाड्यापासून पाडापाडी सुरू झाली. पाडली ती घरं. बिऱ्हाडं उठली आणि पलीकडच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरली, कारण ट्रस्ट जितक्यांना उठवत होता तितक्यांना जागा देत नव्हता. खोली आणि बिऱ्हाड एकच मानलं की ही गर्दी दिसतच नाही.

पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथे बीडीडीच्या, म्हणजे सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, २०७ चाळी उभ्या राहिल्या. तिथली खोली साधारण १६० चौरस फुटांची असे. बिऱ्हाडाला असं माप नसतं. त्यात गावाहून आलेला भाचाही धरायचा.