जुन्या बुलेटचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे का?

आपल्या ३५० सीसी बुलेटचे पॉइंट (उघडझाप करून प्लगची ठिणगी घडवणारे संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे का आणि त्याने अ‍ॅव्हरेज वाढेल का, असे आपण विचारले आहे. बसवावे. याच प्रश्नावर माझे आणि मामांचे गेली अनेक वर्षे पटलेले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मामांचे म्हणणे असे की, पॉइंट काड्यापेटीच्या खरखरीत बाजूने घासला की गाडी चालू होते. इलेक्ट्रॉनिक डबा जळला तर माणूस घाटात बसून राहतो. एका श्रावणात आम्ही दोघे त्यांच्या बुलेटवर नाशिकहून वणीच्या गडावर निघालो. दिंडोरीपर्यंत गाडी उत्तम चालली, पण नांदुरीचा घाट चढताना मिसिंग सुरू झाले आणि ती बंद पडली. मामांनी भर पावसात झाकण उघडून पॉइंट घासले. गाडी जेमतेम दोन वळणे चढली आणि पुन्हा थांबली. असे चार वेळा झाले. दोष पॉइंटचा नव्हताच. पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा कंडेन्सर गेला होता, त्यामुळे पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडून ते जळत होते आणि कॉइलमधून प्लगपर्यंत पुरेसा विद्युतदाब पोहोचत नव्हता. शेवटी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून आम्ही उतारावरून नांदुरीत परतलो. तरीही, पॉइंट होते म्हणूनच आपण तिथवर पोहोचलो, असे मामा आजही सांगतात!

कंडेन्सर बाजूला ठेवला, तरी पॉइंटची टाच त्यांना उघडणाऱ्या फिरत्या कॅमवर झिजतेच. ०.३५ ते ०.४० मिलिमीटरचा गॅप कमी होत जातो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये पॉइंटच्या जागी असणाऱ्या पिकअपला (सेन्सरला) कॅमवर घासावे लागत नाही, म्हणून एकदा नीट लावलेले टायमिंग टिकते. अ‍ॅव्हरेजचे म्हणाल, तर पॉइंट व टायमिंग आधीच अचूक असतील तर विशेष फरक पडणार नाही.

मात्र ऑटो अ‍ॅडव्हान्सच्या (इंजिनचा वेग वाढला की ठिणगी आधी पाडणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा सैल असतील, तर नवा संच बसवूनही गाडी किक उलटी मारेल. त्या आधी बदला. बॅटरीवर चालणारा संच असेल तर बॅटरी उत्तम हवी. ठिणगी तपासताना प्लग इंजिनला टेकवूनच किक मारावी, कारण अधांतरी प्लगने डबा जळू शकतो. पिकअप किंवा डबा बहुधा पूर्वसूचना न देता जातो, हेही खरे. म्हणून पॉइंटची जुनी प्लेट चांगल्या कंडेन्सरसह टूलबॉक्समध्ये ठेवा. मीही ठेवतो, मामांना मात्र हे सांगितलेले नाही.