गूळ शेवटी घाला

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात राहते आणि नोकरीसाठी रोज बेळगावला ये-जा करते. गेल्या आठवड्यात कॅम्पातून पोर्क चॉप आणले, रात्रभर गूळ, व्हिनेगर, लसूण आणि तिखटात मुरवले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तव्यावर टाकले. पाच मिनिटांत बाहेरून कोळसा झाला, हाडापाशी मात्र मांस लालच राहिले. भीती वाटून आणखी शिजवले, तर ते चामड्यासारखे चिवट झाले. सात वाजता घरी पोहोचणाऱ्या बाईला चकचकीत झिलईचे चॉप जमतील का?

उत्तर : नक्की जमतील. आपले साहित्य योग्यच होते, फक्त गूळ फार लवकर पडला. गुळात साखरेबरोबर थोडे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असते, आणि त्यांतील फ्रुक्टोज सुमारे ११० अंश सेल्सिअसलाच तपकिरी पडू लागते आणि पुढे करपते. मांसावर तांबूस रंग आणण्यासाठी तापवलेला तवा मात्र २०० अंशांच्या आसपास असतो. म्हणून मुरवताना गूळ अजिबात नको, केवळ मीठ पुरे.

चार चॉपांना, म्हणजे साधारण ८०० ग्रॅम मांसाला, दोन लहान सपाट चमचे मीठ आदल्या रात्री चोळावे आणि ते न झाकता फ्रिजमध्ये ठेवावेत. मिठाने मांसातील प्रथिने सैल होऊन शिजताना रस धरून ठेवतात, आणि पृष्ठभाग कोरडा पडल्याने रंग लवकर चढतो. खाटकाकडून बोटाच्या पेराएवढे, सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीचे हाडासकट तुकडे मागून घ्यावेत, कारण पाठीचे हे मांस मुळातच कमी चरबीचे असते आणि पातळ काप पाहता पाहता कोरडे पडतात. कडेच्या चरबीला दोन-तीन चिरा द्याव्यात, म्हणजे तुकडा तव्यावर वाटीसारखा वळत नाही.

पाक मात्र वेगळा करावा. ६० ग्रॅम चिरलेला गूळ, तीन मोठे चमचे गोव्याचे माडाचे व्हिनेगर, ठेचलेला लसूण आणि संकेश्वरी मिरचीची भरड मंद आचेवर आटवावी. चमच्याच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली, की पाक झाला. तिखट कमी आणि रंग जास्त हवा असल्यास ब्याडगी मिरची घ्यावी. व्हिनेगर नसेल तर अर्ध्या वाटी कोमट पाण्यात भिजवलेल्या पाच-सहा अमसुलांचे पाणी चालते, आणि माझ्या मते गुळाशी त्याचा आंबटपणा अधिक जुळतो.

घरी आल्यावर बीडाचा तवा कडकडीत तापवून, थोड्या तेलावर चॉप प्रत्येक बाजूने अडीच मिनिटे भाजावेत, मग आच मंद करून झाकण ठेवून चार-पाच मिनिटे शिजवावेत. आता झाकण काढून पाक ओतावा आणि तुकडे दीड-दोन मिनिटे उलटसुलट फिरवावेत. बुडबुडे मोठे आणि संथ होऊन पाक मांसाला चिकटला, की लगेच खाली उतरवावे.

लाल भागाची आपली भीती अनाठायी नाही. डुकराच्या मांसातून पट्टकृमीची बाधा होऊ शकते, त्यामुळे आपल्याकडे मी हाडाजवळचे तापमान ७१ अंशांपर्यंत नेण्याचाच आग्रह धरते. तापमापक नसेल तर हाडालगत सुरी टोचावी. रस लालसर न येता स्वच्छ आला पाहिजे. कच्च्या मांसात पांढुरके, साबुदाण्याएवढे किंवा थोडे मोठे फोड दिसले, तर ते मांस शिजवू नये, परत करावे. खाली उतरवल्यावर पाच मिनिटे तसेच राहू द्यावे, म्हणजे आतली उष्णता सारखी पसरते आणि कापताना रस ताटात वाहून जात नाही. तेवढ्यात जोंधळ्याच्या दोन भाकऱ्या होतात.

पाक रविवारीच करून काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवल्यास आठवडाभर टिकतो. घट्ट झाला, तर चमचाभर गरम पाणी घालून पुन्हा सैल करावा.